इतर उत्पन्न

कॅर्डलात जानेवारीत साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
त्या उजेडात आमच्या साप्ताहिकाचं सरलेलं वर्ष
चार पानांत बसवायचं. एकवीस वर्षं
हेच करते आहे.

सगळ्यात वर येतं ते कमावलेलं.
जाहिराती: टायर बदलून मिळतील. कुत्रा हरवला आहे, डावा कान फाटका.
बोटीचं हिवाळी वेळापत्रक, अर्धं पान,
बिल नव्वद दिवसांनी.
पैसे यायचेत, पण छापून झालं, म्हणून उत्पन्नात धरायचं.
लोकांना वाटतं, पैसा हातात पडला की कमाई.
तसं नाही. काम हातावेगळं झालं की कमाई.
पैसा आपल्या सवडीनं येतो.
किंवा बुडतो; त्याची ओळ निराळी.

म्हणून वर्गणीदार इथे नाहीत.
ते पलीकडच्या पानावर, ताळेबंदात, देण्यांत.

आर्वेद लीगर नोव्हेंबरात सायकलवरून यायचा,
हातमोजे न काढता नोटा मोजायचा,
पुढच्या अख्ख्या वर्षाच्या.
मी पावती फाडायचे आणि लिहायचे: देणं.
"पैसे मी दिले, आणि देणं तुझ्या डोक्यावर?"
हो, आर्वेद. बावन्न गुरुवार.
दरवर्षी तेच विचारायचा, दरवर्षी तितकाच हसायचा.

नऊ मार्चला तो गेला.
दहा अंक पोचले होते, बेचाळीस उरले.
उरलेले पैसे पाकिटात घालून मी त्याच्या घरी गेले.
वाइके अंगणात माशांना धुरी देत होती.
पाकिटाकडे तिनं बघितलंही नाही.
"येऊ दे अंक. गुरुवारी टपालाची गाडी फाटकाशी थांबते,
ते ऐकायची सवय झाली आहे."

मग मी आठवड्याला एक अंक
देण्यातून काढून उत्पन्नात टाकत गेले.
नियम पोचणं बघतो. वाचणं नाही.

आणि अगदी खाली, धंद्याच्या रेषेपलीकडे, इतर:
माडीवरच्या दंतवैद्याचं भाडं,
बँकेचं व्याज, दोघांच्या जेवणाइतकं.
आणि यंदा एक दांडगा आकडा,
माझ्याच हस्ताक्षरात मला परका:
छपाईयंत्राच्या विक्रीवरील नफा.

ते सुरू झालं की कपातला चहा शहारायचा.
दरवर्षी मी त्याचा घसारा काढला.
किंमत शून्यावर आली, तरी ते छापतच राहिलं,
कुणी त्याला सांगितलं नव्हतं.
ऑगस्टात एका संग्रहालयानं नेलं, ताडपत्री बांधून, पहाटेच्या बोटीनं.
वहीत शून्य, म्हणजे वजा करायला काहीच नाही;
जे आलं ते सगळं नफा.

संपादक काल्यू जिना उतरून आला, टेबलावर वाकला.
"अगं, आपण नफ्यात आहोत!"
बोट शेवटच्या ओळीवर.
मी ते बोट धरून सहा ओळी वर नेलं.
तिथला आकडा कंसात होता.
तोटा आम्ही कंसात लिहितो, पाहुण्यांसमोर
आवाज खाली करावा तसा.
काल्यू बराच वेळ उभा राहिला.
"पुढच्या वर्षी काय विकायचं मग?"
खोलीभर नजर फिरवली त्यानं. मीही फिरवली.
टेबल, दिवा, मी.

पाचच्या सुमारास वाइके आली, बुटांवरचं बर्फ झटकत.
"दोन गुरुवार गाडी थांबली नाही," म्हणाली.
नोटा घडी घालून आणल्या होत्या, मोजूनच.
"नाव कुणाचं घालू?"
"आहे तेच राहू दे."

काल्यूनं माझ्याकडे पाहिलं.
पन्नास गुरुवार. छापता येतील का,
त्याला ठाऊक नव्हतं, मलाही नाही.
मी नवी वही ओढली,
पावती फाडली
आणि देण्यांत लिहिलं: आर्वेद लीगर.